फुंकर कोणी मारली?

गावात कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, इंगळेबाई कशा हायेत?" मी सांगते, "मजेत. नागपूरले लेकीकडं राह्यतात. नातवाले शाळेत सोडतात, दुपारी पिच्चर पाह्यतात, संध्याकाळी मले फोन करतात." यातलं एक अक्षर खरं नाही. पण मी ते इतकी वर्षं आणि इतक्या सराईतपणे बोलते आहे की परवा माझी मीच फसले. म्हटलं, बरेच दिवस झाले, बाईंना एक फोन लावावा.

गावाचं नाव लिहीत नाही. मेहकरच्या रस्त्याला फाट्यावरून आत वळलं की आहे, एवढं पुरे. माणसांची नावं बदलली आहेत. तसं गावातलं कोणी हे वाचेल अशी भीती नाही. त्यासाठी मोबाइलवरून मान वर काढावी लागते.

मी खोटं का बोलते हे कळायला आधी बाई कळायला हव्यात.

खामगावच्या मुलींच्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती, खांद्याला शबनम होती आणि आपल्याइतकी शहाणी बाई अख्ख्या वऱ्हाडात नाही अशी खात्री होती. ही खात्री घालवायची तसदी माझ्या नवऱ्यानंही घेतली नव्हती. इंगळेबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, इतिहास शिकवायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड काड्यांचा चष्मा, आणि पर्समध्ये कायम फुटाण्यांची पुडी. शनिवारी शाळा अर्धी असायची. शाळा सुटली की त्या मला जवळजवळ ओढतच टॉकीजला न्यायच्या.

पहिला सिनेमा देवीचा होता. नायिकेच्या देवघरात दिवा फडफडला, फडफडून विझला, आणि तिकडे रानात तिच्या नवऱ्याला साप चावला. मी पदराचा बोळा तोंडात धरून हुंदके देत होते. शेजारून आवाज आला, "शैला, फुंकर कोणी मारली?"

"काय?"

"दिव्याले. खिडकी बंद दाखवली आत्ताच. मंग वारा कुठून आला? खाली कोणीतरी उकिडवा बसून फुंकर मारून राह्यला असन. बिडी पिणारा असन बिचारा, दोनदा मारा लागली त्याले."

माझं रडणं तिथंच आटलं. नवीन नोकरी नसती तर मी उठून गेले असते. शेवटी देवीच्या मूर्तीचे डोळे उघडले, घंटा आपोआप वाजायला लागल्या, तेव्हा सूड उगवायला म्हणून मी बाजूला पाहिलं. बाईंच्या चष्म्याखालून धार लागली होती.

"बाई, तुम्ही तर यातलं काही मानत नाही ना?"

"नाही मानत." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पण रडायले मनाई हाय का?"

रोज सकाळी बुद्धवंदना म्हटल्याशिवाय चहा न घेणाऱ्या या बाईंनी तो देवीचा सिनेमा तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा त्याच जागी रडल्या.

टॉकीजमधली त्यांची आणखी एक खोड होती. पडद्यावर नेमका घात होणार, संगीत चढणार, सगळी टॉकीज श्वास रोखून बसणार, की बाई खुर्चीत वळून मागे पाहायच्या. पडद्याच्या उजेडात लोकांची तोंडं पाहत बसायच्या. "पडदा काय पाह्यतं," म्हणायच्या, "तो उद्याही असाच असन. पब्लिक पाय." मला लाज वाटायची. मागच्या रांगेतली माणसं म्हणायची, ही बाई आपल्याकडे का पाहून राहिली?

लाज वाटायचं माझं वयच होतं. मी तेव्हा वर्गात प्रतीकं शिकवायचे. दिवा म्हणजे आत्मा, साप म्हणजे वासना, विहीर म्हणजे अंतर्मन. फळ्यावर दोन रकाने पाडून मी जगाची वाटणी करून टाकली होती. एकदा शिक्षकांच्या खोलीत एका कथेबद्दल मी मोठ्या आवाजात सांगत होते की यातली विहीर म्हणजे नायिकेचं अंतर्मन आहे.

बाई फुटाणे खात होत्या. "पाणी किती हाय तिच्यात?"

"बाई, ती प्रतीक आहे."

"असू दे ना प्रतीक. गावातल्या बाया पाणी भरत असतीन ना तिच्यातून. आन् कोणत्या बायांले भरू देत नव्हते, ते लिहिलं का लेखकानं?"

बाईंनी फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. मी दोन फुटाणे घेतले आणि पुढच्या तासाला मुलींना पुन्हा अंतर्मनच सांगितलं. परीक्षेत मार्क अंतर्मनाला होते.

रहस्यकादंबऱ्या आम्ही दोघीही वाचायचो. कवटी, लाल डोळ्यांचा मांत्रिक, स्मशानातली राख. मी त्या समीक्षेच्या जाडजूड पुस्तकात लपवून वाचायचे, बाई उघड्यावर. वाचता वाचता त्यांना नसते प्रश्न पडायचे. हा मांत्रिक रोज काळे कपडे घालतो, तर ते धुते कोण? मी हसायचे. पण एकदा पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "शैला, एक गोष्ट तुह्या ध्यानात आली का? सिनेमा असो का पुस्तक असो, काळं मांजर नेहमी एकाच घरात जाते. गावाच्या शेवटच्या घरात. तिथं बाई एकटी असते, कपाळ मोकळं असते, आन् ती त्या गावची नसते. भरल्या घरच्या पाटलीणबाईच्या दारात ते मांजर कधी जातच नाही. मांजराले कोण शिकवते हे?"

मी म्हटलं, "बाई, ते मनोरंजन आहे."

आता आठवलं की त्या शबनमवाल्या पोरीच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

नोकरी संपल्यावर बाई आपल्या माहेरच्या गावी येऊन राहिल्या. नवरा आधीच गेला होता, लेक नागपूरला. आणि त्यांचं माहेर ते माझं सासर, त्यामुळे म्हातारपणी आम्ही चार घरं सोडून शेजारणी झालो. टॉकीज बंद पडली होती. आता बाई माझ्या ओट्यावर बसून माझ्या मोबाइलवर सिनेमे पाहायच्या आणि भुताचा प्रसंग आला की सवयीनं मागे वळायच्या. मागे आमची म्हैस.

गावाच्या शेवटी, पाण्याच्या टाकीपाशी, वच्छला राहायची. अजून राहते. जालन्याकडची, विधवा, शिवणकाम करणारी. सगळ्या गावाच्या बायांचे ब्लाउज तिच्याकडे. पण ती 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणते, आणि तेवढ्यावरून इतक्या वर्षांनीही ती आमच्या गावात पाहुणीच. मी तिचं घर रोज पाहत होते, पण बाईंच्या त्या मांजराची आठवण मला कधी झाली नाही.

त्या वर्षी एक भुताचा सिनेमा आला आणि महिन्याभरात गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये शिरला. त्यात एक बाई नव्या नवरीच्या ओढणीची बाहुली करते, तिला टाचण्या टोचते, आणि तिकडे नवरीच्या पोटात कळा येतात. पोरं एकमेकांना टाचणी दाखवून घाबरवायची. आम्ही दोघींनीही तो पाहिला. बाई म्हणाल्या, "टाचण्या चांगल्या महागाच्या वापरल्या. रंगीत डोक्याच्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या दिराच्या सुनेच्या, पूजाच्या, पोटात कळा आल्या. तिला दिवस गेलेले होते. तिची सासू त्याच सकाळी ब्लाउज आणायला वच्छलाकडे गेली होती. तिनं पाहिलं की मशीनला एक बाहुली टांगली आहे, बाहुलीच्या अंगात टाचण्या आहेत, आणि बाहुलीचा झगा पूजाच्याच मरून रंगाच्या ब्लाउजच्या कापडाचा आहे.

मी पोचले तोवर दुपार टळली होती आणि टाकीपाशी गर्दी झाली होती. पूजाचा नवरा संतोष, माझा पुतण्या, काठीच्या टोकावर ती बाहुली अडकवून उभा होता. हात कोणी लावत नव्हतं. वच्छलाचं दार आतून बंद होतं. आतून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सुया खोवायची उशी हाय ती माझी, सुया खोवायची उशी हाय." बाहेर ते कोणाच्या कानात शिरत नव्हतं. दोघातिघांनी दगड उचलले होते. चार जणांनी मोबाइल वर धरले होते.

मी म्हटलं, "संतोष, आधी पूजाले दवाखान्यात ने."

"नेतो काकू. आधी हिचं पाहू द्या."

तेवढ्यात छत्री टेकत इंगळेबाई आल्या. कोणी रस्ता दिला नाही, पण छत्री उघडून त्या शिरल्या तेव्हा लोकांना बाजूला व्हावंच लागलं. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"काऊन बे संतोष, काठीवर काय टांगलं?"

"मॅडम, तुम्ही मधात पडू नका. करणी केली हिनं."

"बरं. पूजा कुठी हाय?"

"घरी."

"म्हणजे बायको घरी तळमळून राह्यली आन् नवरा इथं बाहुली सांभाळून राह्यला. शैला, तुह्या जावेले सांग, ऑटो कर आन् पोरीले बुलढाण्याले ने. जा."

मी पळतच घरी जाऊन दोघींना ऑटोत बसवलं, पोलिसांना फोन केला आणि परत आले. परत आले तेव्हा बाई बाहुलीकडे पाहतच नव्हत्या. टॉकीजमधल्यासारख्या गर्दीची तोंडं पाहत होत्या, एकेक. मला वाटतं, दगड कोणाच्या हातात आहे आणि नुसता राग कोणाच्या तोंडावर आहे, हे त्या वेगळं काढत होत्या. मग त्यांनी गंगूआजीला हाक मारली. गंगूआजी म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी, अख्ख्या गावाची दृष्ट काढणारी.

"आजी, तुमच्या जमान्यात करणी कशी करत?"

"आता काय सांगू माय. निंबू असे, बिबा असे, कुंकू, काळे उडीद."

"आन् बाहुलीले टाचण्या?"

आजीनं तोंड वाकडं केलं. "टाचण्या? आमच्या लुगड्याले लावाले टाचणी नव्हती, तं बाहुलीले कुठून आणाव?"

कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी ते हसणं जाऊ दिलं नाही. "मंग ही रीत कोणाची? कोणाच्या आजीनं केलती? कोणी पाह्यलं या गावात?" मागून एक पोरगा म्हणाला, "पिच्चरमधी हाय तसं."

"हाव. पिच्चरमधी हाय. आपल्या गावात करणीही आता मोबाइलवरून येते." दोनचार मोबाइल खाली आले. एक दगड खाली पडलेला मला ऐकू आला.

पण संतोष हटला नाही. "कापड पूजाचंच हाय, त्याचं काय?"

"आण इकडं." बाईंनी काठीवरून बाहुली हातानं काढली. गर्दी एक पाऊल मागे सरली. "हा झगा पूजाचा. हे हात हिरवे, हे शैलाच्या ब्लाउजचे. पाय तुह्या मायच्या ब्लाउजचे, पाय नीट. आन् हे डोकं पांढरं, हे माह्या ब्लाउजचं. साऱ्या गावाच्या चिंध्या हायेत हिच्यात."

"बोलणं सोपं हाय मॅडम."

इथं बाई जरा थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, त्या कधी थांबत नसत. मग झग्यातल्या टाचण्या त्यांनी एकेक करून उपटल्या, हातात एकच ठेवली, आणि बाहुली संतोषपुढे धरली.

"पूजाच्या काढल्या. आता डोक्यात टोच. माझं नाव घे आन् टोच."

लोक म्हणायला लागले, टोच, टोच. संतोषनं बाईंचं नाव घेतलं आणि टाचणी टोचली.

"झालं? आता जे हाय ते माझ्यावर. मले काही झालं तं मंग या हिच्या दारात. तवरोक कोणी हिच्या दाराले हात लावायचा नाही. कबूल?"

लोक पांगले. पोलीस आले, समज देऊन गेले. दार उघडलं तेव्हा वच्छला मशीनखाली बसलेली होती.

आम्ही माझ्या ओट्यावर परत आलो. मी बाईंवर जाम खूश होते. म्हटलं, काय रंगवला प्रसंग. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "शैला, गडबड केली मी."

"काय झालं?"

"मागच्या हप्त्यात अकोल्याले गेलती ना मी, ती लेकीच्या मैत्रिणीले भेटाले नाही. पोटात गाठ हाय. चांगली नाही म्हणे. कापता येत नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांच्या गाठीआधी मला वच्छलाचं दार दिसलं. म्हटलं, "मंग तुम्ही असं बोललाच कशा? पोलीस येतच होते."

"पोलीस आज आले. उद्या?" त्यांनी पर्समधून फुटाण्यांची पुडी काढली आणि न उघडता परत ठेवली. "त्याच्या तोंडाकडं पाह्यलं मी. तो समजावून ऐकणारा नव्हता. त्याले काहीतरी टोचायचंच होतं. अशा टायमाले दुसरं काही सुचलं नाही." मग जराशा हसल्या. "सारी जिंदगी विचारलं, फुंकर कोणी मारली. या वेळी मीच मारून बसली."

दुसऱ्या दिवशी पूजा घरी आली. मूतखडा होता, गर्भाला काही नव्हतं, कळा थांबल्या होत्या. ती बरी झाली आणि तीच आमची पंचाईत झाली. गावानं सरळ हिशेब केला: टाचण्या पूजाच्या अंगातून काढल्या, पूजा बरी झाली. म्हणजे आता बाईंची पाळी. लोक बाईंशी अगदी आदरानं बोलायचे आणि बोलताना त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहायचे. जन्मभर पब्लिक पाहणाऱ्या बाईंना आता पब्लिक पाहत होतं.

मग बाईंनी रोज फिरायला सुरुवात केली. सकाळी घरापासून चौक, चौकातून टाकी, वच्छलाच्या दारात दोन मिनिटं बोलणं, परत. केस चापून बसवलेले, पावडर, आणि ज्यांनी आयुष्यात कधी लावली नाही ती लिपस्टिक. मला विचारायच्या, "जास्त झाली का? पिच्चरमधल्या खलनायिकेवानी दिसून राह्यली का?"

औषधांनी त्या झपाट्यानं उतरायला लागल्या. कोपरं टोकदार झाली. ब्लाउज खांद्यावरून लोंबायला लागला, आणि गावातल्या बायांना दुसरं काही कळो न कळो, ब्लाउज कळतो. एका सकाळी वच्छलानं बाईंना दारातून आत ओढलं, टेप काढली, छातीचं माप घेतलं. मापाकडे पाहत राहिली. मग एवढंच म्हणाली, "बाई, सगळे ब्लाउज घेऊन या."

तिनं एकेक ब्लाउज आवळला. दंडात अस्तर घातलं, खांद्याला पातळ गादी दिली, परकराला कमरेशी कापसाची पट्टी शिवली. काही दिवसांनी पुन्हा आवळले, पुन्हा गादी वाढवली. बाईंच्या दुखण्याची बातमी डॉक्टरच्याही आधी त्या टेपेला कळत होती, आणि टेप कोणाला सांगत नव्हती. तिकडे बाई वाळत होत्या आणि इकडे गावातल्या बाया मला म्हणत होत्या, "इंगळेबाई अंगानं चांगल्या भरल्या हो." मी हो म्हणायचे आणि घरी येऊन दार लावून घ्यायचे.

एक दिवस बाईंनी सांगितलं, "आता चालणं होत नाही. लेकीकडं जातो. इथं मरणं परवडायचं नाही मले."

मी म्हटलं, "पोराची गाडी सांगते, दारातून बसा."

"दारात गाडी आली की गाव म्हणन दवाखान्यात नेली. यष्टीनं जाईन. फाट्यावर, सगळ्यांसमोर." आणि मग हळूच, "शैला, माझा दिवा गावाले इझताना दिसला नाही पाह्यजे. तू खिडकी बंद ठेव."

त्यांच्या लेकीचा फोन मला पुढच्या महिन्यात आला. मी तो मागच्या अंगणात घेतला, बाहेर आले, आणि जावेनं कोणाचा फोन म्हणून विचारलं तर सांगितलं, इंगळेबाईंचा, मजेत हायेत. मी फळ्यावर दिव्यासमोर आत्मा लिहायचे तेव्हा मला यातलं काडीचंही कळत नव्हतं. वच्छला अजून टाकीपाशीच आहे, बाहुली मशीनला आहे, आणि डोक्यातली ती टाचणी तिनं वापरात आणलेली नाही. बाईंची चौकशी सगळ्यात जास्त संतोष करतो. काळजीनं करतो की आणखी कशानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून मी मजेत म्हणते.

पण मला बाई आठवतात त्या फाट्यावरच्या. सकाळची वेळ, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, पाचपन्नास माणसं. वच्छला आली नव्हती. तिनं नवी साडी नेसवून, आतून सगळं भरून, बाईंना घरूनच पाठवलं होतं. संतोष तिथंच उभा होता. बाईंनी त्याला बोलावलं आणि बॅग त्याच्या हातात दिली.

"चढव बे वर. आन् पाय, डोकं नाही दुखलं अजून माझं."

लोक हसले. तोही हसला. यष्टीची पायरी उंच असते. मी हात पुढे केला तर बाईंनी डोळ्यांनीच मागे सारला. दांडा धरला, थांबल्या, जणू काही आठवल्यासारखं मागे वळून कंडक्टरला सुट्टे पैसे विचारले, आणि तेवढ्या वेळात श्वास घेऊन चढल्या. खिडकीशी बसल्या. तोंड ड्रायव्हरकडे केलं नाही, आमच्याकडे केलं, आणि त्या उजेडात एकेकाचं तोंड पाहत गेल्या. संतोषपाशी जरा जास्त थांबल्या. गाडी सुटली.

वळणापर्यंत त्यांची मान ताठ होती. वळणानंतरचं मला माहीत नाही. गावाला तर नाहीच.